राजवाडा, जुन्या मोटारी आणि मिस्त्रीचे नाव

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. ६ ते ८ जानेवारी असे तीन दिवस ते चालले. त्याचे नाव 'ट्वेंटी वन गन सॅल्यूट', म्हणजे एकवीस तोफांची सलामी. इंग्रजी अमलाच्या अखेरच्या काळात हा मान हिंदुस्थानातील फक्त पाच संस्थानांना होता: हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, ग्वाल्हेर आणि बडोदे. पाचांतली दोन मराठ्यांची. तेव्हा हे प्रदर्शन गुजरातेत भरले असले तरी त्याचा इतिहास आपल्या घरचा आहे. राजवाडा बांधणारे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे.

अशा प्रदर्शनाची छायाचित्रे आपण पाहतो तेव्हा नजर चमकणाऱ्या बॉनेटवर आणि चांदीसारख्या दिव्यांवर थांबते. गाडीखाली कंपनी, साल आणि मालक यांची नावे असतात. मला पडणारा प्रश्न साधा आहे. लोखंड गंजते, रबर तडकते, लाकडाला वाळवी लागते. मग नव्वद वर्षांपूर्वीची गाडी स्वतःच्या इंजिनावर हिरवळीपर्यंत चालत आली ती कोणाच्या हातांमुळे?

आधी राजवाड्याकडे पाहू. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला. १८८१ मध्ये मँट वारला आणि उरलेले काम रॉबर्ट चिझम याने पुढे नेले. १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटचा. या शैलीला इंग्रजांनी 'इंडो-सारसेनिक' असे नाव दिले. सारसेन हा युरोपातील लोकांनी मुसलमानांसाठी वापरलेला जुना शब्द. म्हणजे घुमट, कमानी, जाळ्या, मिनारासारखे मनोरे ही जी भाषा दख्खनेत आणि गुजरातेत आधीपासून बोलली जात होती, तिला इंग्रजांनी एक नवे नाव दिले आणि मराठा राजांनी आपल्या घराला ती लावून घेतली. आमचे जुन्नर तर निजामशाहीची पहिली राजधानी. तिथला सौदागर घुमट पाहून वाढलेल्या माणसाला लक्ष्मी विलासची कमान परकी वाटत नाही.

आता भाषेचा पुरावा पाहू. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे असे शब्द मला अडवतात. मराठी दरबारातील खात्यांची नावे आठवा: जामदारखाना, फरासखाना, पीलखाना, शिकारखाना, मुदपाकखाना, तोफखाना. 'खाना' म्हणजे घर, जागा. हा फारसी प्रत्यय मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे सांगावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानांत मोटारी येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या जागेलाही नाव मिळाले ते मोटारखाना. यंत्र विलायतेचे, प्रत्यय फारसी आणि शब्द मराठी.

नवे यंत्र येणे म्हणजे जुनी माणसे एका दिवसात जाणे नव्हे. बडोदे संस्थानातच याचे एक उदाहरण आहे. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाव अशी अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली, आणि तिचे डबे आधी बैल ओढत. इंजिन काही वर्षांनी आले. रुळावर बैल चालला, तर बैल हाकणाराही हवाच. संस्थानी मोटारींचेही तसेच. गाडी जहाजातून मुंबईला उतरली म्हणजे काम संपत नसे, तिथून सुरू होई. त्या काळी पुष्कळदा नुसती चासी आणि इंजिन येत असे. वरचा सांगाडा, आसने, टप हे मुंबई-कलकत्त्याच्या कारखान्यांत चढवले जाई. लाकडाची चौकट सुतार करी, तिच्यावर पत्रा लोहार ठोकी, गाद्या शिवणारे वेगळे आणि रंग देणारे वेगळे. घोडागाडी बांधणाऱ्यांचेच हे हुनर होते, फक्त घोड्याच्या जागी इंजिन आले होते.

ड्रायव्हरसाठी राजघराण्यांत 'शोफर' हा शब्द चाले. तो फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा. सोन्याची बटणे लावलेल्या गणवेशाआड कोळसा टाकणारा मजूर लपला आहे, हे तो शब्द विसरू देत नाही.

संस्थानी मोटारींच्या गोष्टी मात्र वेगळ्याच सांगितल्या जातात. सगळ्यांत लाडकी गोष्ट अशी: लंडनच्या दुकानात राजाचा अपमान झाला, त्याने सगळ्या रोल्स रॉइस विकत घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. हीच गोष्ट कधी अलवरच्या राजाच्या नावावर येते, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या. गोष्ट तीच आणि राजा दर वेळी निराळा असला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. पण ती खरी की खोटी यापेक्षा मला एक गोष्ट जास्त खटकते. तिच्यात राजा आहे, गोरा दुकानदार आहे, मोटार आहे. त्या मोटारीतून कचरा वाहणारा माणूस कोण, त्याला काय वाटले, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

महाराष्ट्रात राजवाड्याची मोटार आजही लोकांत येते ती कोल्हापुरात. राजाराम महाराजांच्या काळातील, १९३० च्या दशकातली मायबाख गाडी दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला बाहेर पडते. तिला पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी उभी असते. ती ज्या दसरा चौकात येते, तिथेच मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला, त्यातून ते उभे राहिले. एकाच चौकात संस्थानाचे दोन वारसे समोरासमोर येतात. एक वर्षातून एकदा चमकतो, दुसरा रोज पोरांना जेवू घालतो आणि शिकवतो. दोन्ही टिकवायला माणसे लागली. बोर्डिंगच्या बाबतीत निदान संस्थापकाचे नाव घेतले जाते. मायबाखचे नटबोल्ट दर दसऱ्याआधी कोण तपासत आले, हे गर्दीतल्या किती जणांना सांगता येईल?

बडोद्यातही असा दुसरा वारसा आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आणि त्याच बडोद्यात १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांनी गायनशाळा चालवायला घेतली, स्वरलिपी बसवली, घराण्यात बंद असलेली विद्या वर्गात आणली. सूफी विचार पश्चिमेकडे नेणारे इनायत खान हे त्यांचे नातू, बडोद्यातच जन्मलेले. पुढे उस्ताद फैयाज खान बडोद्याचे दरबारी गायक झाले आणि १९५० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव राहिले, कारण मागे ध्वनिमुद्रिका होत्या, शागीर्द होते. तरीही २००२ च्या दंगलीत त्यांच्या मजारीची नासधूस झाली. नाव लिहिलेले असूनही एवढे घडू शकते, तर ज्यांचे नाव कुठेच लिहिले गेले नाही त्यांचे काय?

'उस्ताद' आणि 'शागीर्द' हे शब्द गाण्याइतकेच गॅरेजमध्येही जिवंत आहेत, म्हणून मी हे सांगतो आहे. आमचे पिंपरी पेंढार कल्याण-नगर रस्त्यावर. पुढे आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता त्याला छेदतो. नारायणगावच्या बाजाराला जाणारे टोमॅटोचे टेम्पो, कांद्याचे ट्रक, माळशेज चढून आलेल्या गाड्या, यांच्यावर या भागातली किती तरी गॅरेजे चालतात. तिथे डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाले यांत आपल्या समाजाची माणसे पुष्कळ दिसतात. सच्चर समितीने २००६ मध्ये देशाच्या पातळीवर हेच दाखवले होते: मुसलमानांत स्वतःच्या हुनरावर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण जास्त, नियमित पगाराच्या नोकरीत कमी.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी वडिलांच्या कामावर दहा ओळी लिहायला सांगतो. शेतकऱ्याचा मुलगा दहाच्या पंधरा ओळी करतो. गॅरेजवाल्याचा मुलगा 'खासगी काम' असे लिहून थांबतो. एकाला मी विचारले, "अब्बा काय करतात ते नीट लिही ना." तो म्हणाला, "सर, ते काय लिहायचं? हात काळे होतात." त्याचे वडील जुन्या गाडीचा चेपलेला पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने असा उठवतात की जोड शोधून सापडत नाही. राजवाड्याच्या हिरवळीवर बक्षीस मिळवणाऱ्या गाडीला नेमके हेच काम लागते. १९३० च्या दशकातील गाडीचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. बेअरिंग ओतावे लागते, बुश लेथवर कातावा लागतो, कार्बोरेटर उघडून कानाने ऐकत जुळवावा लागतो. परीक्षक इंजिनाचा आणि चासीचा नंबर ताडून पाहतात, रंग मूळचा आहे का हे तपासतात. चषक मात्र मालकाच्या हाती जातो.

यात मालकाचा द्वेष नाही. ज्याने पैसा आणि जीव ओतून गाडी भंगारात जाऊ दिली नाही, त्याचे उपकार आहेतच. संस्थाने १९४८-४९ च्या सुमारास विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, तेव्हा अशा कितीतरी गाड्या कवडीमोलाने गेल्या. सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्ही ए' ही खूण. हे चांगलेच झाले. पण याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. प्रदूषणाचा आणि सुरक्षेचा नियम मला मान्य आहे. एवढेच लक्षात घ्यावे की गाडी किती जुनी आहे यावर ती वारसा ठरत नाही. तिच्यात कोण बसत होते, यावर पुष्कळ काही ठरते.

इथे एक शिक्षक म्हणून मला जपून बोलावे लागते. हुनराचे कौतुक करता करता आठवीतल्या पोराला पाना हातात देण्याचे समर्थन होता कामा नये. "शाळा काय करायची, हातात कला आहे" असे म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. मौलाबक्ष यांचे उदाहरण अशा वेळी उपयोगी पडते. त्यांनी विद्या लिहिली, म्हणून ती शाळेत शिरली. गॅरेजमधला मुलगा दहावी झाला, आयटीआयला गेला, तर उस्तादाकडून कानाने शिकलेले तो कागदावर मांडू शकेल. शिक्षण आणि हुनर यांत एकच निवडायचे, ही सक्ती आपणच आपल्यावर लादून घेतली आहे.

म्हणून एक काम सुचवतो. तुमच्या गावात साठीच्या पुढचा कोणी मिस्त्री, डेंटर, ड्रायव्हर असेल तर त्याच्याकडे वही घेऊन बसा. पहिली गाडी कोणती उघडली, उस्ताद कोण होते, त्यांचे उस्ताद कोण, पगार किती मिळे, कोणते हत्यार स्वतः बनवले, हत्यारांना काय नावे होती, एवढे विचारा. तारीख घालून लिहून ठेवा. जमले तर आवाज ध्वनिमुद्रित करा. प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही विनंती करता येईल, की गाडीपुढच्या फलकावर साल आणि मालक यांच्याखाली आणखी एक ओळ असू द्या: दुरुस्ती कोणी केली. माझ्या वर्गात येत्या सत्रापासून हा उपक्रम दहा ओळींच्या निबंधाच्या जागी येईल. पहिली मुलाखत 'खासगी काम' लिहिणाऱ्या त्या मुलानेच घ्यायची आहे, आपल्या अब्बांची.