वसवलेली पेठ आणि बांधलेला चौक

पेठ आपोआप उगवत नाही, ती वसवावी लागते. मराठी मुलखात गाव पाण्याच्या आणि जमिनीच्या आधाराने हळूहळू वाढे. पेठेला मात्र वसवणारा माणूस, सरकारचा कौल आणि आखून दिलेली जागा लागे. आज शहराच्या मध्यवर्ती चौकासारखे दिसतील असे मॉल उघड्या आभाळाखाली बांधले जातात. दुतर्फा दुकाने, मधून फरसबंद रस्ता, दिव्यांचे खांब, बाके, चौकात कारंजे असा त्यांचा थाट असतो. ते खऱ्या शहरासारखे वाटतात का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: एका दमात, नकाशावर आखून बांधलेली जागा कृत्रिमच असणार. पेठेचे कूळ तपासले तर हे उत्तर टिकत नाही, कारण पेठाही आखूनच वसवल्या होत्या.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन गावे आहेत. जुन्या महसुली व्यवहारात मौजे म्हणजे शेतीचे गाव आणि कसबा म्हणजे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे ठिकाण. तालुक्यातले विंचूर सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याकडे जहागिरीत आले आणि घराणे विंचूरकर म्हणून ओळखले जाऊ लागले. सरदाराचा वाडा आला की घोडी, शिपाई, कारकून आले, आणि त्यांच्यामागे किराणा, कापड, सराफी आली. विंचूरच्या पूर्वेला येवले आहे. ते रघोजी नाईक पाटलांनी वसवले आणि बाहेरून विणकर व व्यापारी बोलावून आणले, असे तिथली परंपरा सांगते. आजच्या पैठणीच्या गावाची सुरुवातही अशी आमंत्रणाने झाली.

पुण्याच्या पेठांमध्ये ही रीत सर्वांत स्पष्ट दिसते. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनी १७३४ साली वसवली. नायगाव नावाच्या वस्तीच्या जागी माधवराव पेशव्यांच्या काळात १७६९ मध्ये सदाशिव पेठ झाली, ती पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ. नाना फडणिसांची पेठ आधी हनुमंत पेठ होती, रास्ते पेठ आधी शिवपुरी होती. पेठ वसवणारा सरकारकडून कौल घेई, त्यात नव्या रहिवाशांना काही वर्षे पट्टी माफ असे. रस्ते आणि घरांच्या जागा आखल्या जात. बाजाराच्या देखरेखीला शेटे आणि महाजन नेमले जात व त्यांना वतन मिळे. आजच्या विकासकाला ही पद्धत मुळीच परकी वाटणार नाही: करसवलत, आधी येणाऱ्याला चांगली जागा, नामांकित पेढी मुद्दाम बोलावून आणणे. पहिल्या काही वर्षांत या पेठा बऱ्याच ओक्याबोक्या दिसत असणार.

फरक पुढच्या पिढीत पडला. पेठ वसवणाऱ्याने जागा दिल्या, पण दुकानदारी स्वतःच्या हातात ठेवली नाही. प्रत्येक घर वेगळ्या मालकाचे झाले. खाली पेढी, वर माडी, मागे परसू. दुकान वाढवून मालक त्याच जिन्याने वर जेवायला जाई. घर विकले गेले, वाटण्या झाल्या, सराफाच्या जागी भांडीवाला आला, तालमीला गणपती बसू लागला. कात्रजहून नळाने आणलेले पाणी हौदांत पडे आणि हौदाभोवती रोज माणसे जमत. यातले बहुतेक कोणीही ठरवले नव्हते.

पेठेचे गुणगान करताना एक गोष्ट झाकली जाते. पेठा जातवार होत्या, आणि हौद सर्वांना खुला नव्हता. पण गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शेजाऱ्यांना ते रुचो वा न रुचो, घर त्यांचे होते आणि हौदही त्यांचा होता. शेकडो मालक असलेल्या वस्तीत एखादा मालक सगळ्यांच्या रूढीविरुद्ध जाऊ शकतो. त्या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजार दोन दिशांनी फुटला. शहरांत नगरपालिकांनी छपराखालच्या मंडया बांधल्या. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९चे, पुण्याचे रे मार्केट १८८६चे. दोन्ही आज महात्मा फुले मंडई आहेत. दुसरी दिशा घाऊक शेतमालाची. वऱ्हाडातल्या कारंज्यात १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये तिथे त्यासाठी कायदा झाला.

निफाड परिसरात पेठेचे भवितव्य आगगाडीने ठरवले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नाशिकहून मनमाडकडे जाताना सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव अशी स्थानके घेत गेला. विंचूर रुळांपासून बाजूला राहिले आणि माल लासलगावच्या स्थानकाकडे वळला. १८४२ मध्ये निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना त्या काळात उलट काळजी होती. हस्तव्यवसाय बुडाल्याने कारागीर शेतीवर येत आहेत आणि देश अधिकाधिक ग्रामीण होतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या जन्मगावाच्या तालुक्यात मात्र शेतमालानेच पुढे बाजाराची गावे वाढवली.

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते; विंचूर आणि निफाड येथे तिचे उपबाजार आहेत. द्राक्षे आणि टोमॅटोसाठी महामार्गावरच्या पिंपळगाव बसवंतचे नाव झाले. बाजार समितीचे आवार मॉलच्या फार जवळचे आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला कुंपण आहे, फाटक आहे, एकच व्यवस्थापन आहे, आत एकच धंदा चालतो, आणि लिलाव आटोपून ट्रॅक्टर गेले की आत कोणी राहत नाही. आवार म्हणजे शहर नव्हे. शहर फाटकाबाहेर तयार झाले. कांद्याची पट्टी हातात पडलेला शेतकरी बाहेर येऊन खत-औषधांच्या दुकानात उधारी चुकवतो, लेकीसाठी सराफाकडे जातो, रसवंतीवर बसतो. ही दुकाने कोणी ठरवून मांडलेली नाहीत. ती दिसायला सुरेख नाहीत, पत्र्याची आहेत, पाट्या एकमेकींवर चढलेल्या आहेत.

उघड्यावरच्या मॉलचे कूळ वेगळ्या खंडातले आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जे. सी. निकोल्स या विकासकाने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला 'कंट्री क्लब प्लाझा' उभारला. स्पेनमधल्या सेव्हिल शहराचे मनोरे, कमानी, फरशा त्याने तिथे आणल्या, आणि गिऱ्हाईक मोटारीने येणार हे आधीच धरले. भोवतालच्या वसाहतींचे भूखंडही त्याचेच होते. त्यांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा अटी होत्या, आणि मुदत संपली की त्या आपोआप पुढे चालू राहतील अशी तजवीज होती. गंज पेठेतल्या त्या हौदासारखी पळवाट या व्यवस्थेत नव्हती. अशा अटी बजावण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये मनाई केली.

पुढचा टप्पा व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराचा. मिनेसोटात १९५६ मध्ये त्याने साउथडेल हा बंदिस्त मॉल बांधला. भोवती घरे, शाळा, दवाखाने असलेला गावाचा मध्यबिंदू त्याला हवा होता. प्रत्यक्षात वाहनतळाच्या समुद्रात एक पेटी उभी राहिली. उतारवयात त्याने आपल्या नावावर चाललेल्या या प्रकाराचे पितृत्व नाकारले. बंद पेट्यांचा कंटाळा आल्यावर १९८०च्या दशकापासून छप्पर काढून मुख्य रस्त्याची नक्कल सुरू झाली. व्हर्जिनियातले रेस्टन टाउन सेंटर १९९० मध्ये उघडले, ओहायोतले ईस्टन टाउन सेंटर १९९९ मध्ये.

त्याच १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला. गर्दी आवरण्यासाठी सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनाच फुकट प्रवेश होता, बाकीच्यांना तिकीट. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत हाय स्ट्रीट फिनिक्स आला. तिथे गिरणीचे धुराडे राखून ठेवले आहे, गिरणगाव राखलेला नाही. पुण्यात हडपसरला अमनोरा टाउन सेंटर २०११च्या सुमारास उघडले. मुळशीच्या डोंगरात लवासा या कंपनीने इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर दासवे येथे पाण्याकाठचा रंगीत रस्ता उभारला. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबवले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाशिकला उंटवाडीत सिटी सेंटर मॉल आहे. तो बंदिस्त आहे, पण शहराचा मध्य असल्याचा दावा नावातच आहे.

या जागा शहरासारख्या वाटतात, ते काही तास. सायंकाळी गर्दी असते, मुले कारंज्याभोवती धावतात, म्हातारी माणसे बाकावर बसतात. हा आनंद खोटा म्हणता येणार नाही. पदपथच नसलेल्या आपल्या शहरांत निर्धास्त चालता येईल अशी जागा मिळणे ही थोडीथोडकी सोय नव्हे, आणि मॉलवर नाके मुरडणारे टीकाकार ती कबूल करत नाहीत. कमी पडते ते दुसरीकडे. दुकानदार हा भाडेकरू असतो आणि त्याच्या पाटीचा रंगसुद्धा करारात ठरतो. दुकानावर त्याचे घर नसते. फेरीवाला, चांभार, चावीवाला यांना आत जागा नसते. जागा रस्त्यासारखी दिसली तरी रस्ता खाजगी असतो, त्यामुळे रखवालदार कोणालाही उठवू शकतो.

भांडण कुठे होऊ शकते, ही शहरपणाची कदाचित सर्वांत खरी कसोटी. केंद्राने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा पुन्हा तेच. ज्या चौकात एरवी भजी तळली जातात, तिथेच रास्ता रोको झाला. बाजार समितीचे संचालक निवडून येतात, म्हणून निदान निवडणुकीत त्यांना पाडता येते. मॉलच्या चौकात असे काही करायचे तर आधी व्यवस्थापनाची परवानगी लागते.

मालकीचा फरक व्यवहारातही दिसतो. कंट्री क्लब प्लाझाचे मालक २०२३ मध्ये कर्जफेडीत थकले आणि २०२४ मध्ये शंभर वर्षांचा तो सगळा परिसर एका व्यवहारात नव्या कंपनीकडे गेला. निफाडची किंवा लासलगावची बाजारपेठ अशी विकता येत नाही, कारण ती घ्यायची तर गाळ्यागाळ्याला वेगळे खरेदीखत लागेल, आणि त्यातल्या निम्म्या गाळ्यांवर भाऊबंदकीचे दावे चालू असतील.