लेखनिकाची चूक आणि वडोदऱ्याचे रामायण

जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक बहुधा हात जोडतो: समोर जसे दिसले तसे उतरविले, दोष मला देऊ नये. ही विनवणी खोटी नसे. ‘घ’ आणि ‘ध’ यांत डोळा फसे. एकच शब्द दोन ओळींत आला, की मधला मजकूर गळे. भाविक लेखनिक तर समासात कोणी लिहिलेला श्लोकही संहितेत घेई. अशा चुका शतकानुशतके साचलेले वाल्मीकिरामायण शुद्ध करावयाचे, तर विद्वत्तेइतकीच शिस्त हवी.

सयाजीराव महाराजांच्या ग्रंथसंग्रहातून वाढलेल्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे कार्य अंगावर घेतले आणि १९६० ते १९७५ या काळात चिकित्सक आवृत्तीचे सात खंड प्रसिद्ध केले. वाट पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी घालून दिली होती. तेथे डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांच्या देखरेखीखाली श्लोकाचे एकेक अक्षर आखलेल्या चौकोनांत लिहीत आणि त्याखाली प्रत्येक पोथीतील भेद नोंदवीत. नोंद करणाऱ्याने अर्थ लावावयाचा नाही, केवळ अक्षर पाहावयाचे! अर्थ लावू गेले, की डोळ्यास हवे तेच दिसते. बायबलच्या ग्रीक प्रती ताडून पाहणाऱ्या युरोपीय पंडितांनाही हा अनुभव होता.

मग निवड. येथे बहुमत चालत नाही. एका चुकलेल्या पोथीच्या पन्नास नकला झाल्या, तरी साक्ष एकीचीच. म्हणून आधी पोथ्यांची कुळे लावावयाची. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली लिप्यांतील उत्तरेच्या पोथ्या एकीकडे, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम लिप्यांतील दक्षिणेच्या दुसरीकडे. परस्परांशी संबंध न आलेल्या दोन कुळांत जे सारखे आढळेल, ते लेखनिकाच्या हातून शिरले असण्याचा संभव थोडा.

या रीतीची खरी कसोटी युद्धकांडात लागली. त्याचे संपादक पं. परशुराम लक्ष्मण वैद्य. खंड निघाला १९७१ साली. ज्या ‘आदित्यहृदया’चा पाठ असंख्य घरांत नित्य होतो, ते स्तोत्र मूळ संहितेत ठेवण्याइतका पोथ्यांचा आधार मिळेना. श्रद्धावंतांना हे रुचणारे नव्हते, आणि त्यांचे दुःख मी हलके लेखणार नाही. परंतु वैद्यांनी ते गाळून टाकले नाही. परिशिष्टात ते पूर्ण छापले आहे. इतर पाठभेदही प्रत्येक पानाच्या तळाशी, पोथ्यांच्या खुणांसह दिले आहेत. संपादकाचा निर्णय ज्यास पटणार नाही, त्याने तेथूनच तो तपासून पाहावा.