घसारा

चिरंजीव कॉलेजात गेले आणि आमच्या घरात कालनिर्णयच्या शेजारच्या खिळ्याला दोर लटकू लागला. एके दिवशी पालकांच्या संमतीचा कागद पुढे आला. "बाबा, सही करा. बदामीला कडे चढायला जातोय."

आम्ही बी.कॉम., त्यातून बँकेतले. तारण तपासल्याशिवाय सही करणं रक्तात नाही. म्हटलं, आधी दगडांची पत बघू.

बदामीचा दगड लाल वालुकाश्म. कडे सरळसोट, पण अंगावर आडव्या खाचा, बोटं अडकवायला नेमक्या. छिन्नीलाही राजी, म्हणून चालुक्यांनी त्यात लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा लेख अजून आहे. चौदाशे वर्षं नोंद सांभाळणारा खातेदार! मी पेनाचं टोपण काढलं.

हंपीचा ग्रॅनाइट त्याहून म्हातारा, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. गोलमटोल धोंडे, धरायला फारसं काही नाही. घर्षणाच्या भरवशावर चढायचं आणि तळहात सोलून घ्यायचे. या धोंड्यांच्या आडोशाला विजयनगर दोनशेहून जास्त वर्षं नांदलं. १५६५ साली हरलं ते दूरच्या रणांगणात. धोंडे जागचे हलले नाहीत.

राहिला आपला सह्याद्री. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून झालेला काळा बसाल्ट. थर उभे तुटले आणि किल्लेदारांना तट फुकटात मिळाला. पण हा जामीनदार बेभरवशाचा. धरावा तर दगड हातात येतो, आणि दोन कड्यांमधल्या उतारावर घसारा. हा शब्द मी जन्मभर ताळेबंदात मांडला. तो पायाखालीही येतो हे तेव्हा कळलं. असला कडा तानाजी मालुसऱ्यांचे मावळे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, अंधारात, दोरावरून चढले. पुढे १८१८ साली इंग्रजांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. आता तिथंही दोरच.

"बदामीला खुशाल जा," मी निकाल दिला. "सह्याद्रीचं नाव काढू नकोस."

"बदामी नुसती सरावाला, बाबा. खरं चढायचंय ते इथलेच कडे."

ही इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "गोष्टीतली हिरकणी पोरासाठी कडा उतरली. पोरच कडा चढायला निघालं तर आईनं काय करायचं, ते कुठल्या गोष्टीत सांगितलंय?"

मी सही केली. शेवटचं अक्षर जरा खाली गेलं. घसारा, दुसरं काय!