तळटीप : संधिज्वर
* येथे वर्णिलेला विकार संधिज्वर होय. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा सुजल्यावर वेळीच इलाज न झाल्यास, दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या शरीराची संरक्षक शक्तीच भ्रमाने स्वकीय हृदयावर उलटते, आणि सांध्यांची सूज यथाकाल ओसरली तरी हृदयाच्या झडपा बहुधा कायमच्या जायबंदी होतात. दाटीवाटीच्या बिऱ्हाडांत हा रोग फोफावतो. युरोपात तर राहणीमान सुधारू लागताच, पेनिसिलीन येण्यापूर्वीच, त्याने काढता पाय घेतला होता, ही बाब सरकारदरबारी फारशी कोणी मनावर घेतलेली दिसत नाही. त्याची पुनरावृत्ती टाळण्यास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनची एक स्वस्त सुई पुरते. तथापि जागतिक आरोग्य सभेने या हृद्रोगासंबंधी ठराव केला तो थेट २०१८ साली. — संपादक