खडकीचे जखमी जवान आणि कामातून उपचार

जखमी सैनिकाला कामाच्याच आधाराने पुन्हा उभे करण्याची पिंपरी-चिंचवड परिसरातील सर्वांत जुनी व्यवस्था खडकीत आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियाच्या आघाड्यांवर लढलेले अनेक हिंदी शिपाई हातपाय गमावून मुंबई बंदरात उतरले. मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्यांच्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. काही वर्षांतच ते खडकीला हलले आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने आजही तिथेच चालते.

या शाळेत उपचार नव्हता, धंदेशिक्षण होते. बहुतेक शिपाई शेतकऱ्याघरचे. ज्याला आता नांगर धरवणार नव्हता, त्याला शिवणकाम, सुतारकाम किंवा यंत्रावरचे काम शिकवून गावी पाठवायचे, एवढाच हेतू. इंग्लंड-अमेरिकेतील लष्करी रुग्णालयांत मात्र त्याच सुमारास काम हे औषधासारखे बेतून दिले जाऊ लागले होते. खांदा आखडलेल्याच्या हाती रंधा, बोटे ताठ झालेल्यापुढे विणकामाचा माग. फळी गुळगुळीत झाली की नाही यापेक्षा खांदा किती वर गेला, हे महत्त्वाचे. धंदेशिक्षण आणि व्यवसायोपचार यांतला हा फरक आपल्याकडे रुजायला आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पण कृत्रिम पाय बसवला म्हणजे माणूस चालू लागला असे होत नाही. तो पाय लावायचा कसा, जिना चढायचा कसा, उकिडवे बसायची सवय असलेल्याने घरात वावरायचे कसे, हे शिकवणारा माणूस लागतो. तशी माणसे भारतात तयार होऊ लागली ती १९५० पासून. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, ती त्या वर्षी. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता.

कण्याला गोळी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. पूर्वी असे जवान मूत्रमार्गाच्या किंवा शय्याव्रणांच्या जंतुसंसर्गाने दगावत. नीट शुश्रूषा आणि पेनिसिलिन यांमुळे ते जगू लागले आणि पुढची अनेक वर्षे घालवायची कशी, हा नवा प्रश्न उभा राहिला. (पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पिंपरीतच १९५४ मध्ये उभा राहिला.)

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर हा प्रश्न लष्करासमोर ठळकपणे आला. १९७४ मध्ये खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. अशा रुग्णाला आधी बिछान्यावरून चाकखुर्चीत स्वतःहून सरकणे शिकवावे लागते. मग थोड्याथोड्या वेळाने दोन्ही हातांवर अंग उचलून बैठकीवरचा दाब मोकळा करण्याची सवय, कपडे घालणे, आंघोळ, बोटांत पकड नसेल तर जाड मुठीचा चमचा. यात दिखाऊ काहीच नाही, पण रोजचे जगणे याच कामांवर चालते. मानेखाली संवेदना नसलेल्या काही जवानांनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली. खेळ हा तर खडकीच्या केंद्रातील दिनक्रमाचाच भाग आहे.

पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांशी जोडलेले सर्वांत ठळक नाव मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून धरलेले पोहणे त्यांना १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सुवर्णपदकापर्यंत घेऊन गेले. चरितार्थासाठी मात्र त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. १९१७ च्या शाळेला जे साधायचे होते, ते इथे साधले: हाताला काम आणि महिन्याला पगार.

हे किती जणांच्या वाट्याला यावे, हे उपचार करणाऱ्यांच्या हाती नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. खासगी कारखान्यांवर तशी सक्ती नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी त्यांना प्रोत्साहन देण्याची तरतूद तेवढी आहे. पिंपरी ते चाकण या पट्ट्यातले बहुतेक कारखाने खासगी आहेत.