फोटोतली माणसे आणि फोटोखालची ओळ

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत एका संस्थेने रेशन किट वाटले. तांदूळ, तेल, साखर, शेवया, खजूर. संस्थेला वाटपाचे फोटो हवे होते आणि बरा कॅमेरा असलेला मोबाईल माझ्याकडे होता. मी भराभर तीस-चाळीस फोटो काढले. त्यातल्या एकात सातवीतल्या एका मुलीची आई पिशवी घेताना दिसते. तोंडावर ओढणी घ्यायला तिने हात उचलला आहे. तो हात पोहोचण्याआधीच मी बटण दाबले होते.

चार दिवसांनी तो फोटो एका पोस्टरवर आला. आजूबाजूची माणसे कापलेली आणि खाली ओळ : ‘निराधार मुस्लिम महिलांना मदतीचा हात’. बाई निराधार नव्हत्या. नवरा टेम्पो चालवतो, त्या महिन्यात त्याचा पाय मोडला होता, एवढेच. शाळेच्या फाटकापाशी येऊन त्या म्हणाल्या, “सर, वो फोटो निकाल डालो ना. इसके अब्बा किसी से बात नहीं कर रहे.” मी फोटो डिलीट केला. स्टाफरूममध्ये मात्र म्हणालो, “फोटो मी काढला हे खरे, पण ती ओळ काही मी लिहिली नाही.”

हे वाक्य बरेच दिवस टोचत राहिले. अशा वाक्यांचा इतिहास जुना आहे, हे सर सय्यद अहमद खान यांचे लंडनहून लिहिलेले एक पत्र पुन्हा वाचताना लक्षात आले.

१८६९ मध्ये सर सय्यद आपली मुले हामिद आणि महमूद यांच्यासह लंडनला गेले. तिथल्या इंडिया ऑफिसमध्ये त्यांना एक ग्रंथ पाहायला मिळाला. त्यांच्या वर्णनावरून तो ‘द पीपल ऑफ इंडिया’ असल्याचे अभ्यासक मानतात. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीला हिंदुस्तानची आठवण म्हणून इथल्या लोकांचे फोटो हवे होते, तिथून या कामाची सुरुवात झाली. १८५७ च्या उठावानंतर हौसेचे काम सरकारी झाले. ज्यांच्यावर राज्य करायचे ते लोक कोण, कुठले, किती भरवशाचे, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांच्या देखरेखीखाली १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक फोटो. बहुतेकांच्या खाली माणसाचे नाव नाही. जमातीचे किंवा जातीचे नाव आहे आणि सोबत त्या जमातीच्या स्वभावाबद्दल शेरे. अमुक लोक कष्टाळू, तमुक लबाड, हे एकनिष्ठ, ते धोक्याचे. एका माणसाचा चेहरा घ्यायचा आणि त्यावर हजारोंचा दाखला लिहायचा.

मुंबईही यात मागे नव्हती. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसांचा फोटो वेगळा घेतला आहे आणि नंतर तो शहरातल्या एखाद्या देखाव्याच्या फोटोवर बसवला आहे. माणूस उभा होता एका जागी, दाखवला दुसऱ्या जागी. आमचे पोस्टर बनवणाऱ्याने नवे काही केले नव्हते.

आता पुन्हा लंडन. भारतात अधिकारी म्हणून येणारे तरुण इंग्रज तो ग्रंथ चाळत. ही चित्रे पाहून ते आपल्याबद्दल काय मत करून घेत असतील, या विचाराने सर सय्यद अस्वस्थ झाले. एके दिवशी एकोणीस वर्षांचा महमूद ते पुस्तक पाहत होता. एक तरुण इंग्रज जवळ आला. थोड्या वेळाने त्याने विचारले, तुम्ही हिंदुस्तानी का? महमूद हो म्हणाला, पण शरमेने लाल झाला आणि घाईघाईने सांगू लागला, की मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून आले होते.

हा महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. त्याला दोष देणे सोपे आहे. परका देश, कोवळे वय, समोर राज्यकर्त्यांचा माणूस. पण त्याने काय केले ते पाहा. तो स्वतः फोटोच्या चौकटीतून बाहेर पडला आणि बाकीच्यांना आतच सोडून आला. सर सय्यद यांचाही रोख फोटो काढणाऱ्यांवर नव्हता. हिंदुस्तानींनी स्वतः सुधारून हा डाग पुसावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी शिक्षणाचे जे काम उभे केले त्याचे ऋण माझ्यासारख्या उर्दू शिक्षकावर आहेच. तरीही प्रश्न उरतो. या लोकांना विचारले होते का? त्यांच्याबद्दल लिहिलेले त्यांना वाचून दाखवले होते का?

आपण मराठी मुसलमानांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्यातले बागवान, तांबोळी, पिंजारी, मुलाणी हे काही इराण-तुराणहून आलेले नाहीत. महमूदने ज्यांच्यापासून अंतर राखले, त्या फोटोतल्या माणसांच्या रांगेत आपलेच आजे-पणजे उभे आहेत.

महमूदकडे बाहेर पडायला वाट तरी होती. ती नसलेल्या बायका अल्जीरियात होत्या. १९६० मध्ये स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना फ्रेंच सैन्याने खेड्यातल्या लोकांना छावण्यांत आणले आणि सर्वांसाठी ओळखपत्रे सक्तीची केली. मार्क गारांजे नावाच्या तरुण सैनिकाला फोटो काढायचा हुकूम मिळाला. दहा दिवसांत सुमारे दोन हजार फोटो, त्यात बहुतेक बायका. अधिकाऱ्याच्या आदेशाने त्यांना चेहऱ्यावरचा बुरखा आणि डोक्यावरचे कापड उतरवावे लागले. नकार द्यायची सोयच नव्हती. त्यांनी फक्त कॅमेऱ्याकडे रोखून पाहिले. काहींच्या नजरेतला राग आजही त्या फोटोंसमोर आपल्याला टिकू देत नाही.

गारांजे स्वतः या युद्धाच्या विरोधात होता. पण ‘मी हुकमाचा ताबेदार होतो’ एवढे म्हणून त्याने विषय संपवला नाही. २००४ मध्ये तो ते फोटो घेऊन अल्जीरियात परत गेला, त्या बायकांना शोधत. काही भेटल्या. काहींकडे आयुष्यातला दुसरा फोटोच नव्हता. १९६० चा जुलूम त्यामुळे पुसला जात नाही. पण ज्याचा चेहरा त्याच्यापर्यंत चव्वेचाळीस वर्षांनी का होईना कोणीतरी चालत गेले.

दुसऱ्याच्या दारात तीन वेळा परवानगी मागावी, उत्तर आले नाही तर परत फिरावे, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. दार लाकडाचे असले की आपण ती पाळतो. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र विसरतो. त्यातही समोरचा गरजू असला की हमखास विसरतो. पिशवी घेणारा हात ‘फोटो नको’ कसा म्हणणार? म्हणून त्याची गप्प बसणे ही संमती धरता येत नाही.

मी त्या बाईंच्या घरी गेलो. ओळ माझी नव्हती, हे यावेळी बोललो नाही. न विचारता फोटो काढला आणि पुढे पाठवला, चूक माझी, एवढेच त्यांच्या नवऱ्याला सांगितले. त्याने चहा दिला. बोलला फारसे नाही.

यंदा वाटपाच्या दिवशी मी फक्त किटच्या ढिगाचा फोटो काढला. संस्थेचे कार्यकर्ते म्हणाले, “सर, देणगीदारांना पुरावा काय दाखवायचा?” मी सह्यांची यादी पुढे केली, तीही फक्त हिशेबासाठी. ते नाराज झाले, पण यादी घेऊन गेले.

तो जुना फोटो मात्र अजून फिरतो आहे. रमजान आला की कोणाच्या तरी स्टेटसवर दिसतो. तो हात अजून ओढणीपर्यंत पोहोचलेला नसतो. मी त्या माणसाला मेसेज करतो, “हा फोटो काढून टाका.” तो विचारतो, “तुमचा काय संबंध?” मी लिहितो, “मीच काढला आहे.”