हलक्या हाताची तार

अंगठा चोखणाऱ्या मुलाला आमच्या घरी एकच धाक असे, ‘दात पुढे येतील हं!’ दुधाचा दात पडला की दुसरी ताकीद मिळे, ‘फटीत जीभ घालू नकोस, नवा दात वाकडा येईल.’ दंतशास्त्राशी आजीचा काही संबंध नव्हता, पण एक गोष्ट तिला नेमकी कळलेली होती. दात हलवायला फार जोर लागत नाही. त्याच जागी, तासन्‌तास, दिवसेंदिवस पडणारा थोडासा दाब पुरतो. दात सरळ करणाऱ्या वैद्यांना हे पुरते उमगायला मात्र जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. ज्या वस्तूला आपण ‘तार’ किंवा ‘क्लिप’ म्हणतो, तिच्या वंशावळीत मला हात हलका होत गेल्याची हकिकत दिसते.

सुरुवात खरे तर फार चांगली झाली होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस सांगतो, दुधाचा दात पडण्याआधीच दुसरा दात डोकावला, तर जुना काढावा आणि नवा रोज बोटाने त्याच्या जागेकडे ढकलत राहावा, पुरती उंची गाठेपर्यंत. तिथे धातू नाही, दोरा नाही. रोज थोडे ढकलायचे, एवढेच.

तारेचा पहिला ओळखू येणारा पूर्वज भेटतो पॅरिसमध्ये. पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्यात सोन्याची किंवा चांदीची एक चपटी, भोके पाडलेली पट्टी आहे. ती दातांच्या रांगेला लावायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिच्याशी बांधायचे. पण याच फोशारकडे पेलिकन नावाचे, पक्ष्याच्या चोचीसारखे हत्यारही होते. घाई असेल तेव्हा तो त्याने दात एका दमात वळवून सरळ करी आणि शेजारच्या दातांना बांधून टाकी. भूल देण्याची सोय यायला अजून शंभरहून अधिक वर्षे होती. खुर्चीत बसलेल्या त्या पोराचे काय झाले असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

पट्टीची कमान झाली ती अमेरिकेत, एडवर्ड अँगल यांच्या हातून. दात सरळ करणे ही दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, असे ठणकावून सांगणारे आणि १९०० साली सेंट लुईसमध्ये त्यासाठी वेगळी शाळा काढणारे हे गृहस्थ. वरची आणि खालची पहिली मोठी दाढ एकमेकींवर कशी बसते, यावरून त्यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या दातांचे वर्ग पाडले. आजही विद्यार्थी पहिल्यांदा तेच शिकतात. त्यांची जुनी कमान जाड होती. दाढांना कडी घालून ती बाहेरून फिरवायची आणि प्रत्येक दात तिच्याकडे ओढून बांधायचा. त्यात दात कलत, पण मुळासकट सरकत नसत. मग अँगल यांनी एकामागून एक रचना मोडून नव्या केल्या. १९२८ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, त्यांनी मांडलेल्या शेवटच्या रचनेत दाताच्या कडीवर एक आडवी चौकोनी खाच होती आणि त्या खाचेत बसणारी चौकोनी तार. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी तार दाताचे मूळही वळवू शकते. आज दातांवर दिसणारी ब्रॅकेट त्याच खाचेची वारसदार आहेत.

त्याआधीच, १९०४ च्या सुमारास, कार्ल सँडस्टेड या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांच्या जबड्यात आत काय घडते ते पाहिले होते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा पडदा असतो. दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते, ताण पडतो त्या बाजूला नवे हाड भरते. जोर जास्त झाला तर तिथले रक्त थांबते, पेशी मरतात आणि दात अडून बसतो. म्हणजे जोराने काम लवकर होत नाही, उलट रखडते.

या ज्ञानाला साजेशी तार ऑस्ट्रेलियात आली. अॅडलेडचे रेमंड बेग हे अँगल यांचेच शिष्य. एकही दात काढायचा नाही, हा गुरूंचा हट्ट त्यांनी सोडला. दाटी असेल तिथे ते दात काढू लागले. आर्थर विलकॉक या धातुतज्ज्ञाच्या मदतीने त्यांनी बारीक, गोल, लवचीक पोलादी तार घडवली आणि १९५० च्या दशकात हलक्या जोराची आपली पद्धत मांडली. भारतातल्या अनेक दंतमहाविद्यालयांत पुढे कित्येक वर्षे बेग पद्धतच शिकवली जाई.

त्यानंतरची पावले भराभर पडली. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले की दाताचे कवच आम्लाने किंचित खरखरीत केले की त्यावर राळ चिकटते. त्यामुळे एकेका दाताला कडी ठोकण्याची गरज संपली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू १९७० च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी तोंडात आणला. ही तार कितीही वाकवा, ती आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि परतताना जवळजवळ सारखाच हलका जोर लावत राहते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पारदर्शक प्लास्टिकचे साचे आले. एक साचा दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो, मग पुढचा चढवायचा. तारेची लाज वाटणाऱ्या प्रौढांना त्यांनी दवाखान्यात आणले, हे त्यांचे मोठे काम.

‘या वयात कुठे आता?’ असे म्हणणाऱ्या चाळिशीच्या माणसांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर दात सरकतात. फरक आहे तो जबड्याचा. मुलाचा जबडा वाढत असतो, त्या वाढीला वळण देता येते. मोठ्यांचा जबडाच लहानमोठा असेल, तर कधी शस्त्रक्रियेची वाट धरावी लागते.

तार निघते त्या दिवशी मुले आरशासमोरून हलत नाहीत. पण ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात, म्हणून हातात एक छोटी डबी मिळते. माझ्या भाचीच्या डबीत गुलाबी प्लास्टिकची, पुढून एक तार असलेली पट्टी आहे. दिवसभर ती कपाटात असते. रात्री दात घासून झाले, की भाची ती टाळूला लावते, अंगठ्याने हलकेच दाबते आणि दिवा मालवते.